लिंबाखालची टोळी

सातभाईंचा कलकलाट उठला की आमच्या परभणीकडे दोनच शक्यता धरतात: मांजर आलं असेल, नाहीतर साप निघाला असेल. ओसरीवरची आजी आधी पोरांना आत बोलावते. मग कोणीतरी काठी घेऊन परसाच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येतं. पाच-दहा मिनिटांत आवाज ओसरतो, काठी पुन्हा दाराआड जाते आणि ज्यांनी ही वर्दी दिली त्या पक्ष्यांकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही. ते असतातच. रोज असतात. मातीच्या रंगाचे, पिसं विस्कटलेले, सतत कुरकुरणारे.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. परसात येणाऱ्या पक्ष्यांमध्ये इतकं गुंतागुंतीचं, इतकं उघड्यावर चालणारं आणि तरीही इतकं दुर्लक्षित राहिलेलं सामाजिक जीवन दुसऱ्या कुणाचं असेल असं मला वाटत नाही. ते पाहायला जंगलात जावं लागत नाही. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही, कारण माणूस शांत बसला की हे पक्षी चार-पाच हातांवर येऊन चरतात. लिंबाचं एक झाड, त्याखाली न झाडलेला पाचोळा आणि चहाचा कप संपल्यावरही उठायची घाई नसणं, एवढं पुरतं.

आपल्या जिल्ह्यात सातभाई म्हणून ओळखले जाणारे सगळे एका जातीचे नाहीत. गावातल्या झाडीच्या परसात येतो तो रानसातभाई: साळुंकीएवढा, मातकट करडा, पिवळसर चोच आणि फिकट, जवळजवळ पांढरा डोळा. तो डोळा आणि त्यावरची भुवईसारखी सावली यामुळे चेहरा कायम रागावलेला दिसतो. गाव सोडून शेतातल्या आखाड्याकडे निघालं की धुऱ्यावरच्या बाभळीत भेटतो तो मोठा करडा सातभाई. हा अंगानं थोडा थोराड, कपाळ राखाडी, आवाज नाकातून काढल्यासारखा, आणि उडताना शेपटीच्या दोन्ही कडांची पांढरट पिसं स्पष्ट दिसतात. ती पिसं दिसली की ओळख पक्की. जिंतूरकडच्या खुरट्या झुडपांच्या माळावर आणखी एक सडपातळ, लांब शेपटीचा भाऊबंद आहे, साधा सातभाई. तो परसात येत नाही, माळ सोडत नाही. या लेखात मी मुख्यतः पहिल्या दोघांविषयी बोलणार आहे.

मोठ्या करड्या सातभाईची शास्त्रीय नोंद दख्खनमध्येच झाली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई इलाख्यात सरकारसाठी आकडेवारी गोळा करणारे अधिकारी. दख्खनमधली जमीन, पिकं, पाऊस आणि माणसं यांची माहिती जमवता जमवता त्यांनी इथले पक्षी आणि मासेही नोंदवले. 1832 मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली गेली, तीत हा सातभाई होता. त्याला नाव मिळालं ते 1827 ते 1830 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कम यांचं. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, साइक्स यांच्या मुलखाबाहेर. इकडच्या पक्ष्यांची शिस्तशीर पाहणी व्हायला पुढची शंभर वर्षं जावी लागली. सलीम अलींनी 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानाची पक्षी-पाहणी केली आणि ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये क्रमशः छापून आली. मराठवाड्यातल्या पक्ष्यांविषयी अभ्यास करायचा तर त्या पानांना वळसा घालून जाता येत नाही.

आता परसात येऊ. टोळी साधारण सहा ते दहा-बारा जणांची असते. ती कधी एकदम येत नाही. आधी एक जण कुंपणावर उतरतो, इकडेतिकडे पाहतो आणि पंख पसरून तरंगत लिंबाखाली येतो. त्याच्यामागे दुसरा, त्याच वाटेनं. मग तिसरा. मधली मोकळी जागा ओलांडताना ही एकेकानं येण्याची शिस्त सहसा मोडत नाही. पंख आखूड आणि गोलसर असल्यामुळे उडणं त्यांचं बेताचंच. चार-दोन फडफडी आणि मग तरंगणं. पाय मात्र दणकट. जमिनीवर सगळा कारभार उड्या मारत चालतो.

पाचोळ्यात शिरल्यावर खरं काम सुरू होतं. कोंबडी पायानं उकरते, सातभाई चोचीनं. तो वाळलेलं पान कडेला धरतो, मानेला एक झटका देऊन बाजूला भिरकावतो आणि उघड्या पडलेल्या ओल्या मातीकडे एक डोळा लावून क्षणभर थांबतो. काही हाललं तर चोच खाली, नाहीतर पुढचं पान. पाच-सात जण हेच करत असले की लिंबाखाली पानांची नुसती उधळण चालते आणि तिचा खसखस आवाज ओसरीपर्यंत ऐकू येतो. वाळवी, नाकतोडे, झुरळं, कोळी, पतंगांचे कोष, सगळं चालतं. किडा मोठा असेल तर पायाखाली दाबून त्याचे तुकडे करतात. किडे कमी पडले की दाणे, पिकलेली फळं आणि पळस-पांगारा फुलल्यावर त्यातला मधही. सांडलेला भात तर त्यांच्या हक्काचाच.

उन्हं वाढली की टोळी दाट सावलीत शिरते. मेंदीच्या कुंपणात, घाणेरीच्या जाळीत किंवा लिंबाच्या खालच्या फांदीवर अंगाला अंग लावून बसते. या वेळी जवळून पाहायला मिळतं ते त्यांचं एकमेकांना विंचरणं. एक जण मान वर ताणतो, गळ्याची पिसं फुलवतो आणि डोळे अर्धे मिटतो. शेजारचा चोचीच्या टोकानं त्याच्या मानेतली, कानामागची, हनुवटीखालची पिसं एकेक करून साफ करतो. या नेमक्या जागा अशा असतात जिथं पक्ष्याची स्वतःची चोच पोहोचत नाही, आणि गोचीड-पिसवा बसतात त्या तिथंच. म्हणजे या लाडात स्वच्छतेची सोय आहे. पण केवळ सोय म्हणून ते इतका वेळ चालत नाही. भांडण झाल्यावर, भीती ओसरल्यावर हे विंचरणं विशेष रंगतं, आणि टोळीतलं नातं त्यातून घट्ट होतं असं अभ्यासक मानतात. रात्रीसुद्धा झोपतात ते असेच, एका फांदीवर ओळीनं, मध्ये फट न ठेवता. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा मराठवाड्यात सगळ्यांत खाली जातो म्हणून वर्तमानपत्रात बातमी येते. तेव्हा त्या ओळीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

टोळी चरत असताना एक जण बहुतेक वेळा वर असतो. भिंतीच्या कोपऱ्यावर, लिंबाच्या वाळक्या काटकीवर, कधी डिशच्या अँटेनावर. तो खात नाही. मान फिरवत राहतो. थोड्या वेळानं खालून दुसरा वर येतो आणि पहिला खाली चरायला जातो. पहारा म्हणतात तो हाच. प्रश्न असा की उपाशी राहून दुसऱ्यांसाठी पहारा द्यायला कोण कशाला तयार होईल?

या प्रश्नावर पक्षिशास्त्रात मोठा वाद झालेला आहे आणि तो झाला सातभाईंच्याच एका वाळवंटी भावंडावरून. इस्रायलचे आमोत्झ झहावी यांनी अरबी सातभाईंच्या टोळ्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, पहारा हा मानाचा मामला आहे: वरचढ पक्षी पहाऱ्यावर चढून 'मला हे परवडतं' असं टोळीला दाखवून देतो. याच विचाराचा, 1975 मध्ये त्यांनी मांडलेला 'हँडिकॅप' सिद्धांत जगभर गाजला. पहाऱ्याच्या या स्पष्टीकरणाला पुढे आव्हान मिळालं. जोनाथन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच अरबी सातभाईंना जास्तीचं खाणं देऊन पाहिलं आणि 2001 मध्ये मांडलं की ज्याचं पोट भरलेलं असतं तो पहाऱ्यावर जास्त वेळ बसतो. पोट भरल्यावर खाली चरत राहण्यापेक्षा उंचावर बसणंच त्याच्यासाठी सुरक्षित, आणि त्याचा फायदा आपोआप सगळ्यांना.

मला राइट यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण आपल्या परसात ते पडताळून पाहता येतं. पाचोळ्यात जाड अळी मिळालेला पक्षी काय करतो याकडे लक्ष ठेवा. तो चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी पुसतो आणि पुष्कळदा वर जाऊन बसतो. पण झहावींना सोडून द्यावं असंही नाही. पहाऱ्यावरच्या पक्ष्याला खालून येऊन कोण हटवतो, कोण मुकाट्यानं जागा सोडतो, यातही टोळीतली थोरली-धाकटी पाती कळतात. त्याची नोंद कुणीही घेऊ शकतं.

पहारेकऱ्याचा इशारा एकाच प्रकारचा नसतो. वर शिक्रा दिसला तर तुटक, धारदार आवाज होतो आणि दुसऱ्या क्षणाला अंगण रिकामं, सगळे जाळीत. मांजर, मुंगूस किंवा साप दिसला तर नेमकं उलट. आवाज वाढत जातो, सगळे गोळा होतात, पंख अर्धे उघडून, शेपट्या पसरून त्या जनावराच्या वरच्या फांद्यांवर उड्या मारत त्याला हाकलत नेतात. यामागचं गणित सरळ आहे. शिक्र्याचा वेग इतका की लपणं हाच उपाय. मांजराचा आणि सापाचा सगळा भरवसा दबा धरण्यावर, तेव्हा त्यांना उघडं पाडलं की शिकार संपली. मोहालीच्या आयसर या विज्ञान संस्थेत मंजरी जैन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रानसातभाईंच्या आवाजांवर काम केलं आहे. आपल्याला जो सरसकट गलका वाटतो त्यात वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे आवाज आहेत, असं त्यातून दिसतं.

गोदाकाठच्या एका आखाड्यावर जनावरांचं पाहणारे एक काका आहेत. हे सगळं त्यांनी एकही पुस्तक न उघडता सांगितलं. ते म्हणाले, "ताई, ह्ये बोंबलायलेत म्हणल्यावर कायतरी असतंच बगा. म्या आधी गोठ्यात बॅटरी मारतो, मंगच बैलाच्या दाव्याला हात घालतो." मी विचारलं, शिक्रा आला तर? "मंग बोंबलत न्हाईत. मंग गप." गोठ्यामागच्या बाभळीत मोठ्या करड्या सातभाईंची टोळी आहे आणि कडब्याच्या गंजीत घोणस निघणं तिथं नवलाचं नाही. पायात चप्पल नसलेल्या माणसाला त्या पक्ष्यांचा किती आधार असेल, याचा विचार आपण शहरात बसून करत नाही.

हा आधार दुसरे पक्षीही घेतात. सातभाई चरू लागले की वरच्या तारेवर कोतवाल हमखास येऊन बसतो. पाचोळा उधळल्यानं जे किडे उडतात ते त्याला आयते मिळतात. आफ्रिकेच्या कालाहारीत कोतवालाचा एक जातभाई याच्या पुढे गेला आहे. टॉम फ्लॉवर या संशोधकानं दाखवून दिलं की तो तिथल्या सातभाईंना खोटा धोक्याचा इशारा देतो आणि ते पळाले की त्यांचं भक्ष्य उचलतो. आपला कोतवाल नकला करण्यात कच्चा नाही, शिक्र्याचा आवाज तो हुबेहूब काढतो. तो सातभाईंच्या डोक्यावर बसून तो आवाज नेमका कधी काढतो, हे परभणीतल्या कुणी चिकाटीच्या विद्यार्थ्यानं पाहावं अशी माझी फार इच्छा आहे.

टोळीत कोण कोण आहे हे ओळखायची एक खूण आहे, डोळा. मोठ्या पक्ष्यांचे डोळे फिकट, दुधी. त्या वर्षीच्या पिल्लांचे गडद. वय वाढेल तसा बुबुळातल्या स्नायूंचा थर भरत जातो, खालचा गडद रंग झाकला जातो आणि डोळा पांढरट दिसू लागतो. ही खूण एकदा कळली की टोळी वेगळीच दिसते. सगळे सारखे वाटणारे पक्षी आता मोठे आणि पोरंसोरं अशा दोन गटांत पडतात. गडद डोळ्यांचे ते खेळणारे. एकमेकांच्या मागे लागतात, पाठीवर लोळण घेऊन पायात पाय अडकवतात, खोटीखोटी मारामारी करतात. खरी मारामारी वेगळी: शेजारची टोळी हद्दीत आली की कुंपणाच्या दोन बाजूंना दोन फळ्या उभ्या राहतात आणि त्या वेळी आवाजानं कान किटतात.

रानसातभाईंवरचा पायाभूत अभ्यास आपल्याच देशात, अगदी साध्या परिसरात झाला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आर. एम. नाईक आणि एम. आय. अँड्र्यूज यांनी केलेलं काम 1970 मध्ये 'पावो' या नियतकालिकात आलं. त्याच सुमारास टोनी गॅस्टन यांनी दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातल्या टोळ्यांचा पाठपुरावा केला. विद्यापीठाचं आवार म्हणजे काही अभयारण्य नव्हे. परभणीतही वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं मोठं, झाडांचं आवार आहे. 18 मे 1972 ला ते सुरू झालं. लिंब, बाभळी, प्रयोगाची वावरं आणि वसाहतीतले परस एकमेकांना लागून असलेली अशी जागा सातभाईंच्या अभ्यासाला याहून चांगली कुठली मिळणार?

या अभ्यासांतून पुढे आलेली मुख्य गोष्ट म्हणजे सहकारी वीण. घरटं झाडाच्या मधल्या उंचीवर, दाट पाल्यात, काटक्या-मुळ्यांची वाटी करून बांधतात. तीन किंवा चार अंडी, चकचकीत निळी-हिरवट. घरट्याशी ये-जा करणारे पक्षी मात्र दोनच नसतात. टोळीतले बाकीचेही पिल्लांना घास भरवतात. गेल्या वर्षीची पिल्लं या वर्षीच्या पिल्लांना भरवतात. तरुण माद्या पुढे वर्ष-दोन वर्षांनी आपली टोळी सोडून दुसरीकडे जातात आणि नर बहुधा घरच्या टोळीत राहतात. पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. तेव्हा ती जमिनीवर, कुंडीमागे, जाळीच्या बुडाशी बसलेली असतात आणि सगळी टोळी त्यांच्याभोवती असते. घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लांची जगण्याची शक्यता या पक्ष्यांत बरीच चांगली असते ती या एकत्र राखणीमुळे.

आणि मग पावशा येतो.

मृगाच्या आधी, उन्हानं जमीन भाजत असताना, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असं चढत्या सुरात रात्रंदिवस ओरडणारा हा पक्षी आपल्याकडच्या शेतकऱ्याला घरच्या माणसासारखा. सोयाबीन-कपाशीचं बी घरात येऊन पडलेलं असतं, पाऊस लांबलेला असतो आणि तो ओरडत असतो. त्याच्यावर गाणी झाली, गोष्टी झाल्या. पण तो लहानाचा मोठा कुठं झाला हे विचारलं तर गावात फार थोडे जण सांगू शकतील. तो सातभाईंच्या घरट्यात मोठा झाला. पावशाची मादी स्वतः घरटं बांधत नाही. ती सातभाईच्या घरट्यात एक अंडं घालते, रंगानं तसंच निळं. पावशाचा करडा रंग, शेपटीवरचे पट्टे, उडण्याची आणि फांदीवर उतरण्याची ढबसुद्धा शिक्र्यासारखी. तो दिसला तरी सातभाई सावध होतात. तरी अंडं पडतंच.

अंड्यातून बाहेर आल्यावर पावशाचं पिल्लू बहुधा यजमानाची अंडी घरट्याबाहेर ढकलून देतं. पण टी. सी. जेर्डन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलं आहे की नेहमी तसं होत नाही, सातभाईंच्या पिल्लांबरोबर पावशाचं पिल्लूही दिसतं. घरट्याबाहेर पडल्यावर ते महिनाभर टोळीमागे फिरतं. पावसाळा सरता सरता परसात हे दृश्य शोधा, सापडेल. टोळी लिंबाखाली चरते आहे आणि तिच्या मधोमध, खालच्या फांदीवर एक वेगळाच पक्षी बसलेला आहे. छातीवर तपकिरी ठिपके, शेपटीवर आडवे पट्टे. 'की-की, की-की' असा खरखरीत रडका सूर तो क्षणभर थांबवत नाही. एक सातभाई चोचीत नाकतोडा घेऊन त्याच्याजवळ उडी मारत जातो. पिल्लू पंख थरथरवत तोंड उघडतं, आतला घसा दिसतो. घास गेला. सातभाई वळून पुन्हा पाचोळ्याकडे. तोपर्यंत टोळीतला दुसरा जण पुढचा घास घेऊन हजर. हे पालनपोषण दोघांवर पडत नाही, सगळ्या टोळीवर वाटलं जातं.

चातकाचीही हीच रीत. आफ्रिकेतून पावसाबरोबर येणारा हा काळा-पांढरा, तुऱ्याचा पक्षी सातभाईंच्याच घरट्यांवर अवलंबून. त्याच्या या प्रवासाचा माग काढायला 2020 मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं दोन चातकांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली आणि त्यांची नावं ठेवली मेघ आणि चातक. चातकाचं पिल्लू यजमानाची अंडी ढकलत नाही, त्यांच्या पिल्लांच्या बरोबरीनं वाढतं. आपल्या सगळ्या पर्जन्यकथांचे दोन नायक, पावशा आणि चातक, यांना वाढवणारा पक्षी कोणता, तर ज्याच्याकडे आपण मान वर करून पाहत नाही तो.

इथं अमेरिकेतल्या एका परसातल्या पक्ष्याची आठवण होते. तिथं झुडपांत राहणारा, अंगानं राखाडी, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा एक पक्षी आहे, कॅटबर्ड. मांजरासारखा म्याव करतो, इतर पक्ष्यांच्या नकला करतो, आणि तिथली माणसं त्याला आपल्या सातभाईसारखीच गृहीत धरतात. त्याच्याही घरट्यात दुसरा पक्षी, काउबर्ड, अंडं घालतो. पण कॅटबर्डची अंडी गडद निळी-हिरवी आणि काउबर्डची पांढुरकी, ठिपक्यांची. कॅटबर्ड ते परकं अंडं ओळखून बाहेर फेकून देतो. स्टीफन रॉथस्टाइन यांनी 1970 च्या दशकात प्रयोग करून दाखवलं की आपली अंडी कशी दिसतात हे कॅटबर्ड अनुभवातून शिकतो. मग आपला सातभाई अडाणी ठरला का? तसं म्हणता येणार नाही. पावशाचं अंडं निळंच असतं. फसवणाऱ्यानं रंग जुळवून आणला तर ओळखणाऱ्यापुढचं काम कितीतरी अवघड होतं. शिवाय ओळखण्यात चूक झाली तर स्वतःचंच अंडं फेकलं जाण्याची भीती. कॅटबर्डपुढचा पेच सोपा आहे, सातभाईपुढचा कठीण. दोघांची तुलना करताना हे विसरायला नको.

आता परभणीतल्या परसांविषयी. जुन्या वस्त्यांत घरामागे जागा असायची. आड, न्हाणी, लिंब, शेवगा, मेंदीचं कुंपण, एका कोपऱ्यात उकिरडा. नव्या प्लॉटवर घर आलं की जागा असली तरी माती राहत नाही. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत फरशी किंवा पेव्हर ब्लॉक. लिंबाचा पाला पडतो, कचरा होतो, म्हणून झाड जातं. उरलेला पाचोळा रोज सकाळी झाडून पेटवला जातो. सातभाईंच्या दृष्टीनं हे सगळं एकच आहे: जेवणाचं ताट उचललं गेलं. त्यांना झाडावर टांगलेलं घरटं नको असतं, बाजारातले दाणे नको असतात. त्यांचं पोट मुख्यतः पाचोळ्याखालच्या ओलाव्यात वाढणाऱ्या किड्यांवर चालतं. पाचोळा गेला की टोळी येत नाही, आणि टोळी आली नाही की साप-मांजराची वर्दीही मिळत नाही.

स्वच्छतेच्या नावाखाली आपण पाचोळ्याला कचऱ्याच्या पंगतीला बसवलं, हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. प्लास्टिक हा कचरा आहे. लिंबाचं पान हा कचरा नाही. पाचोळा जाळल्यानं धूर होतो, जमिनीची ओल जाते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून वर जातो तेव्हा उघडी माती तव्यासारखी तापते. शेतात पालापाचोळ्याचं आच्छादन करा, ओल टिकते, हे शेतकऱ्याला सांगायचं आणि घरी मात्र रोज पाला पेटवायचा, याला अर्थ नाही.

वाचकांना माझं सांगणं थोडक्यात आहे. परसाचा एक कोपरा झाडू नका. भिंतीलगत मेंदी, करवंद किंवा कडुलिंबाची रोपं दाट वाढू द्या, घरट्याला आणि लपायला जागा होईल. उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवा, ते रोज बदला, आणि मांजर दबा धरू शकणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवा. पावसाळ्यात जमिनीवर बसलेलं, शेपटी पुरती न आलेलं पिल्लू दिसलं तर ते पोरकं झालं असं समजून घरात आणू नका. त्याची माणसं वर फांदीवरच असतात आणि तुम्ही दूर झालात की खाली येतात. घरची मांजरं तेवढे दिवस आत ठेवा.

आणि नोंद ठेवा. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनानं 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळायला सुरुवात केली. दिवाळीच्या आगेमागेच तो येतो, पोरं सुट्टीवर घरी असतात. त्यांना वही द्या. टोळीत किती पक्षी, गडद डोळ्यांचे किती, पहाऱ्यावर कोण किती वेळ बसला, ठिपक्यांच्या छातीचं पिल्लू सोबत आहे का, एवढं तारीख आणि वेळेसह लिहायला सांगा. फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना होते, तेव्हा हीच नोंद ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकता येते. सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, पालम, पूर्णा इथल्या शाळांनी आपापल्या आवारातली एकेक टोळी वर्षभर पाहायची ठरवली, तर आपल्या जिल्ह्यात सातभाई कधी वीण करतात आणि त्यांच्यात पावशाचं पिल्लू कोणत्या महिन्यात दिसतं, हे आपल्याच पोरांच्या वह्यांमधून कळेल. शिक्षकांनी हे या सप्ताहात सुरू करावं.